काडी मोडू नये म्हणून

हरमटान सुटला की आमच्या न्यारिगा गावात दिवस उजाडतो तो राखेच्या रंगाचा. वाळवंटावरून निघालेला तो कोरडा वारा रातभर चालत येतो आणि सकाळी दारात ठाण मांडून बसतो, फुकट जेवायला आलेल्या पाहुण्यासारखा. सूर्य उगवतो, पण उघड्या डोळ्यांनी खुशाल बघत बसावं इतका फिका. टाचा उलतात. दाराच्या फळ्या आखडतात आणि त्यांच्यात बोट जाईल एवढ्या फटी पडतात. हसू आलं तरी माणूस ओठांवर हात ठेवून हसतं, कारण मोकळं हसलं की ओठ फुटून रक्त.

अशा सकाळी माझी जाऊ तिपोका घरात सगळ्यांच्या आधी उठलेली असायची. अंगात मुलाचा जुना कोट, डोक्याला फडकं, पुढ्यात गवताची पेंडी. ओंजळीनं पाणी घ्यायचं, पेंडीवर शिंपडायचं, पेंडी उलटायची, पुन्हा शिंपडायचं, मग ओल्या पोत्यात गुंडाळून मुरत ठेवायची. मुरली की एकेक काडी काढून तिचं टोक दातात धरायचं, उभी चिरायची, आणि दोन्ही पात्या तळहातांत वळून एक दोरी करायची. आमच्याकडं टोपली विणणारी बाई ओळखायची तर हात बघू नयेत, पुढचे दात बघावेत. तिपोकाचे इतके झिजलेले, की शेंगदाणा फोडायचा तर दाढेला द्यावा लागे.

पावसाळ्यात आम्ही बायका कडुनिंबाखाली बसून विणतो. हरमटानात ते जमत नाही. उघड्यावर काडी शेवईसारखी कडाकडा मोडते. म्हणून त्या दिवसांत सगळ्या तिपोकाच्या खोलीत शिरायच्या. गोल मातीची खोली, भिंतीत एकच झरोका. जमिनीवर पाण्याचा सडा, दोरीवर भिजवलेलं गवत, कोपऱ्यात ओलं पोतं. बाहेर घसा खरवडणारी हवा, आणि तिच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की नाकाला नदीकाठ लागायचा. ती खोली तिनं गवतासाठी तशी ठेवली होती. माणसासाठी असं काही करावं, हे तिच्याही मनात आलेलं नव्हतं.

बाई मूळची बोंगोची, खडकाळ मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी टोपली विणता येत नव्हती. सासूनं शिकवलं, आणि पुढं सासूच तिच्याकडून टोपलीचं बूड बांधून घ्यायला लागली. नवरा लवकर गेला. मुलगा अयामगा टोपल्यांवर वाढवला. वाईट म्हणावं असा तिचा एकच गुण: जे हातात घेईल त्याचा अतिरेक. कुणीतरी एकदा म्हणालं, आंबिलीत आलं चांगलं लागतं. पुढच्या सकाळी सगळं घर तोंड उघडं टाकून हापशाकडं पळत होतं. आमची नणंद लारिबा म्हणायची, "वहिनी, तुला कुणी चांगलं सांगूच नये. तू त्या चांगल्याचा जीव घेतीस."

तर त्या साली अयामगा आपली बायको आणि लेक घेऊन आला. बायको सेरवा कुमासीची, घनदाट झाडीच्या, बारमाही ओल्या मुलखातली. लेक अफुआ चार महिन्यांची. अयामगा ट्रकवर असतो. दक्षिणेतून आमच्याकडं टोपल्यांचं गवत आणतो आणि इथल्या टोपल्या घेऊन जातो. बायको त्याला त्या वाटेवरच मिळाली.

पोरीला आणायचं कारण होतं. आमच्यात प्रत्येक पोराच्या पाठीशी घरातला एक मेलेला माणूस उभा असतो. कोण, ते जाणत्याला विचारून घ्यायचं असतं, आणि मग घरातल्या थोरल्यानं गिनी कोंबडी कापून पोर त्याच्या ओटीत घालायचं असतं. तोवर पोर घरचं नसतं, पाहुणं असतं. तिपोकाला ही एकच नात. ती पाहुणी म्हणून परत गेली तर पुन्हा कधी येईल, येईल तरी का, ह्याची बाईला धास्ती. पण विधीला ज्वारीची दारू लागते, आणि थोरले दीर अतांगा यांनी ज्वारी नुकतीच मोड आणायला भिजत घातली होती. मोड यायचे, वाळायचे, दळायचे, शिजायचं, आंबायचं. दारूला घाई चालत नाही.

घाई होती ती हरमटानला. आल्या दिवसापासूनच अफुआचं नाक चोंदलं. आत वाळून खपली धरायची. दूध ओढायला तोंड लावलं की श्वास कोंडायचा, की सोडून द्यायची, की रडायची, आणि रडली की नाकातून रक्ताची बारीक रेघ. सेरवाचे स्वतःचे ओठ दोन ठिकाणी उकललेले. थंडी म्हणून तिनं खोलीत शेगडी ठेवली, तर खोली आणखीच सुकली आणि वरून धूर.

लारिबानं दारातनंच तोंड सोडलं. "अगं, भट्टीत मडकं भाजतात, पोरगी न्हाई."

"आत्याबाई, गारठ्यात ठेवू का मग तिला?" सेरवाचे डोळे रडून सुजलेले. "आमच्याकडं असला वारा नसतो. हा वारा आहे की कानस?"

"तुमच्याकडं वारा नसतोच. तुमच्याकडं नुसता घाम असतो."

अयामगानं कुमासीहून एक ह्युमिडिफायर आणलेला होता. त्याच्या मालकाच्या घरात तसला होता, पोराबाळांना बरा म्हणून ऐकलं होतं. पोटात पाणी भरायचं, वायर लावायची, की वरच्या तोंडातून गार धुकं. आम्ही सगळ्या बघायला जमलो.

"ही किटली चुलीबिगर वाफ सोडती," लारिबा म्हणाली. "आत कोण बसलंय गं?"

कुणी का बसेना, दुपारभर ती किटली चालली आणि अफुआ आली त्या दिवसानंतर पहिल्यांदा पोटभर प्याली. नाक सुटलं, झोप लागली. सेरवानं त्या यंत्राला हात जोडायचंच बाकी ठेवलं. पण दुसऱ्या सकाळी बघतो तर खोलीभर पांढरी भुकटी. चटईवर, पेटीवर, पोरीच्या केसांवर.

"पूर्वजांनी पावडर लावून पाठवलीया," लारिबा म्हणाली.

ती भुकटी आमच्या हापशाची होती. खडकातलं पाणी, जड. मडकं वाळलं की तळाला असाच पांढरा थर उरतो, तो ह्या यंत्रानं हवेत उडवला. तिपोकानं थर बोटानं पुसला, चाखून बघितला, आणि मागल्या बाजूला गेली. तिथं रांजणात पावसाचं पाणी झाकून ठेवलेलं होतं, जांभळा रंग उकळायला. पावसाच्या पाण्यात रंग खुलतो, म्हणून ती त्यातला थेंबही कुणाला पिऊ देत नसे. तो रांजण तिनं सुनेपुढं आणून ठेवला. "हे घाल त्याच्या पोटात. जांभळा पुढल्या साली करू."

भुकटी थांबली. दोन दिवस सुखाचे गेले आणि मग लाइट गेली. गेली ती गेलीच. कुठंतरी काहीतरी जळालं होतं, आणि ते कधी दुरुस्त होईल हे देवाला नाही तर तारवाल्याला ठाऊक. किटली गप्प. अफुआचं नाक पुन्हा वाळलं. सेरवानं बॅग भरायला घेतली.

"पुढच्या बाजाराला ट्रक निघेल, त्यात आम्ही जाणार," ती नवऱ्याला म्हणाली. "तुझ्या पूर्वजांना सांग, थंडी संपल्यावर भेटू."

अयामगा आईकडं बघायला लागला. तिपोका गवत चिरत होती. तोंडातली काडी काढून तिनं सुनेला हाक मारली. "हिकडं ये. हे गवत कुठलं?"

"आमच्याकडचं," सेरवा म्हणाली. ते तर तिच्या नवऱ्याच्याच ट्रकमधून आलेलं.

"वाकीव."

सेरवानं बाहेर पडलेली एक सुकी काडी वाकवली. टचकन मोडली. तिपोकानं ओल्या पोत्यातली दुसरी दिली. ती सेरवाच्या बोटाभोवती अंगठीसारखी वळली.

"तुझ्या मुलखात हे गवत पुरुषभर उंच वाढतं, पाण्यात पाय सोडून. इथं आणलं की मोडतं. मी काय त्याला शिव्या देती का? परत पाठवती का? ओल देती, बास. पोरगी माझ्या खोलीत निजव. दोन दिस बघ. न्हाई जमलं तर बॅग मी सोता ट्रकात चढवीन."

सेरवा बॅग आणि सासू यांच्याकडं आळीपाळीनं बघत राहिली. शेवटी पोरीला पाठीवरून सोडून आत घेऊन गेली.

आणि जमलं. त्या ओल्या गारव्यात पोरीचं नाक सैल झालं. तिपोका शिया झाडाच्या बियांचं लोणी करंगळीवर घेऊन नाकपुडीच्या कडेला पुसायची, वाळलेलं आपसूक निसटायचं. पोरगी दूध ओढायला लागली, तेही आवाज करून. रक्त थांबलं. सेरवाचे ओठ मिटले आणि ती हसायला लागली, तेव्हा आम्हाला कळलं की तिला वरच्या बाजूला एक दात तिरपा आहे. लारिबाचा जुना ढासका तिथं बसलं की निवायचा, म्हणून ती विणकाम नसतानाही पोरगी बघायच्या निमित्तानं येऊन बसायची. खोलीतला तिपोकाचा बसायचा पाट तेवढा चिरला नव्हता. बाकी घरातले सगळे पाट चिरलेले. हे इतकी वर्षं कुणाच्या नजरेला आलं नव्हतं, आता आलं.

इथं थांबली असती तर ती तिपोका कसली! एका ओल्या पोत्यानं एवढं बरं वाटतं, तर चार लावली. झरोका चिंध्यांनी बुजवला, ओल बाहेर जाऊ नये म्हणून. दाराला गोधडी टांगली. एका मोठ्या टोपलीसाठी आधीच रंगवून ठेवलेलं सगळं जांभळं गवत, जे विणायच्या दिवशीच भिजवायचं असतं, ते भिजवून दोरीवर लटकवलं आणि रोज त्यावरच पाणी मारत राहिली. कुणाही विणकरणीला ठाऊक असतं, की भिजवलेलं गवत त्याच दिवशी संपवावं. पण नातीपुढं तिला गवत दिसत नव्हतं. भिंतीला हात लावला तर हाताला माती यायला लागली.

"वहिनी, बेडूक कधी आणतीस?" लारिबानं विचारलं.

"गप बसा, वन्सं."

मग वास यायला लागला. बंद पेटीत विसरलेल्या ओल्या कापडाचा येतो तसा. आणि एका सकाळी अफुआ खोकत उठली. नाकाचा नव्हे, छातीचा खोकला, आणि श्वासाला शिट्टीसारखा आवाज. सेरवानं पोरगी उचलली, बाहेर आली, आणि अंगणात उभी राहून अख्ख्या घराला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुमचं गवत सांभाळा, आई. मी माझी पोरगी सांभाळते. उद्या बाजार आहे. आम्ही निघालो."

तिपोका पुढं आली तशी सेरवा मागं सरकली. ते मागं सरकणं तिपोकाला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. आम्ही बघत होतो.

पोरीला घेऊन सगळ्या आधी दवाखान्यात गेल्या. आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाई, डॉर्कस, शेजारच्याच सोंब्रुंगू गावच्या. त्यांनी छातीला नळी लावून सावकाश ऐकलं, ताप बघितला, श्वास मोजले. म्हणाल्या, "आत्ता तरी भ्यायचं कारण नाही. पण श्वास वाढला, बरगड्या आत ओढायला लागली, प्यायची थांबली, तर तडक बोल्गाच्या मोठ्या दवाखान्यात. ट्रकची वाट बघायची नाही. आता मला तुमची खोली दाखवा."

खोलीत आल्या, आणि दोरीवरचं गवत त्यांनी उलटून बघितलं. जांभळ्यावर काळे ठिपके, मिरी सांडल्यासारखे. झरोक्यातल्या चिंध्यांच्या मागंही तेच, भिंतीवर.

"बुरशी," नर्सबाई म्हणाल्या. "पोरगी हीच हुंगतीय."

लारिबानं विचारलं, "मग चुलीवर आधण ठेवून त्याची वाफ दिली तर?"

"आणि लवंडलं तर? पोरं भाजून आलेली बघितली आहेत मी. नको." मग त्या तिपोकाकडं वळल्या. "मावशी, ओल द्यायचं तुमचं बरोबर होतं. त्यानंच तर नाक सुटलं. पण ओल ताजी पाहिजे. पाणी रोज बदला, भांडं रोज घासा, कापड रोज उन्हात टाका. दुपारी दार-झरोका सताड उघडा. खोलीला पण श्वास लागतो. आणि ते यंत्र आहे ना, लाइट आली की त्यालाही हेच. रोज धुवायचं, नाहीतर तेच बुरशी फुंकेल."

आम्हाला वाटलं, आता तिपोका भांडणार. अतिरेक करणाऱ्या माणसाला चूक दाखवली की तो त्या चुकीचाही अतिरेक करतो. पण ती उठली, दोरी सोडली, आणि ते सगळं जांभळं गवत दोन्ही कवेत घेऊन बाहेर निघाली. त्या गवतासाठी तिनं चूल फुंकली होती, रंगानं तिची बोटं अजून जांभळी होती. अंगणापलीकडं नेऊन तिनं ते पेटवून दिलं. सुकं असतं तर भुर्रकन जळालं असतं. ते धुमसत राहिलं. ती काठीनं ढोसत उभी राहिली. मग वळून सुनेला म्हणाली, "तुझं बरोबर. मी ओलीनं आंधळी झाली."

सेरवाची बॅग तशीच भरलेली, दाराशी.

त्या दिवशी तिपोकानं खोली रिकामी केली. चिंध्या काढल्या, भिंतीवरचा काळा थर ओल्या फडक्यानं पुसून खरवडला, त्यावर शेणमातीचा नवा हात फिरवला, आणि दार सताड टाकलं. ती वाळेपर्यंत पोरीला अतांगा भाऊजींच्या बिनविस्तवाच्या खोलीत निजवलं, एक ओलं फडकं उशाजवळ टांगून. दुसऱ्या दिवशी, बाजारच्या गडबडीत, तिनं नव्यानं सारवलेल्या खोलीत एकच रुंद तोंडाचं मातीचं मडकं ठेवलं, पाझरणारं, अंगावरून घाम गाळणारं. वर दोरीवर एक धुतलेलं कापड, पिळून. बास. मग तिनं उशाच्या भिंतीतल्या भेगेत एक सुकी काडी खोवली, आणि खोलीतली ओल काडीला लागल्यावर सुनेला बोलावलं.

"रोज सकाळी ही वाकीव. मोडली तर हवा सुकी, कापड आणखी भिजीव. वळली तर बरोबर. आणि मऊ पडली, हुंगल्यावर वास आला, तर दार उघड आणि मला शिव्या दे. मी न्हाई बघणार, तू बघ. माझा माझ्यावर भरवसा न्हाई."

सेरवानं काडी वाकवली. वळली, अर्ध्यात जराशी कुरकुरली, पण मोडली नाही. तिनं ती नाकाला लावली. मग पोरीला खाली ठेवलं. अफुआनं एकदा खोकून बघितलं, आणि मग मूठ तोंडात घालून झोपून गेली. शिट्टी होती, पण कालच्याहून बारीक.

बाहेर अयामगा ट्रकचा भोंगा वाजवत होता. टोपल्या चढल्या होत्या, दोर आवळले होते. सेरवा बॅग घेऊन बाहेर गेली. तिपोका आतच बसून राहिली, मडक्याकडं बघत. आम्ही कुणी तिच्याकडं बघितलं नाही.

सेरवानं बॅग उघडली, तिच्यातली पोरीची दुपटी काढून खांद्यावर टाकली, आणि बाकी बॅग नवऱ्याच्या हातात दिली. "माझ्या आईला दे. सांग, मी दारू पिकल्यावर येते."

"कोण पिकल्यावर?" अयामगाला भोंग्यात ऐकू आलं नाही.

"दारू!" लारिबा ओरडली. "दारू, मुडद्या! आता जा, न्हाईतर तुझ्या ट्रकापायी पोरगी उठंल!"

दारू पिकेस्तोवर काडी रोज वाकवली गेली. एकदा मोडली, तेव्हा दोन कापडं टांगली. एकदा मऊ पडली, तेव्हा सेरवानं दार उघडलं आणि सासूला खरंच शिव्या दिल्या, कुमासीच्या भाषेत. त्या फक्त मला कळल्या, कारण मी तिथं बाजारात बरीच वर्षं काढलेली, आणि त्या इथं सांगण्यासारख्या नाहीत. तिपोका मात्र खूश. नर्सबाईंनी पुन्हा नळी लावून बघितली, छाती मोकळी. लाइट आली तशी किटलीही सुरू झाली, पावसाच्या पाण्यावर. सेरवा ती रोज धुऊन उन्हात पालथी घालायची. पण दुपारी विणायला मात्र आम्ही मडक्यापाशीच बसायचो. किटलीची घुरघुर गप्पांत येते.

विधीच्या सकाळी वारा जरा पडला होता. अतांगा भाऊजींनी दारू ओतली, गिनी कोंबडी कापली, आणि जाणत्यानं सांगितलेलं नाव घेऊन पोरगी ओटीत घातली. पाठीशी उभा राहिलेला निघाला अतांगांचा चुलता अझूर, जन्मभर पिऊन हुंदडलेला आणि उसन्या सायकली परत न करणारा.

"अरं द्येवा," लारिबा म्हणाली. "पोरीपासून सायकली लपवा."

सेरवा हसली, ओठांवर हात न ठेवता. अफुआ आता घरची होती. अतांगांनी तिच्या ओठाला दारूचं बोट लावलं, तिनं तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितली, आणि सगळे अझूरच्या नावानं ओरडले.

दारूचा दुसरा भोपळ्याचा कटोरा फिरायला लागला तेव्हा तिपोका माणसांतून उठली. खोलीत गेली, मडक्यातलं कालचं पाणी बाहेर आणून कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं, मूठभर वाळू घेतली, आणि खाली बसून मडकं आतून घासायला लागली.